पाणी जाते कोठे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांच्या उत्तरेतील मोहिमा अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंक्तीत ‘जुन्या मोटारीतील पाण्याची गळती कशी शोधावी’ हा विषय काहीसा ओशाळवाणा दिसेल, याची आम्हांस कल्पना आहे. शिवाय आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. केंद्र सरकारच्या सेवेतील आमची तीस वर्षे हिशेब तपासण्यात गेली. पाना आणि पक्कड ही आमची हत्यारे नव्हेत. तरीही कार्यकारी मंडळाने हा विषय आग्रहाने सुचविला, त्याला कारण आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांकडे बारा-पंधरा वर्षांच्या आणि काहींकडे तर वडिलांच्या वेळच्या मोटारी आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत त्याच मोटारींतून झाशी, शिवपुरी, गुणा, इंदूर असे टप्पे घेत आपण धुळे-नाशिककडे उतरतो. परतताना बिजासनचा घाट आणि नर्मदा ओलांडल्यावर मानपूरकडचा घाट चढावा लागतो. मे महिन्याच्या दुपारी त्या चढावर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी असलेली मोटार आणि झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसलेली तिच्यातील मुले-माणसे हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला हा विषय क्षुल्लक वाटणार नाही.

अशा मोटारीच्या मालकाला विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते: “गाडी जुनी झाली, थोडे पाणी खाणारच.” आमचा आजचा सारा खटाटोप या एका वाक्याविरुद्ध आहे. मोटार पेट्रोल खाते, थोडेफार तेलही खाते. पाणी मात्र ती खात नाही. पाण्याची वाट बंदिस्त आहे. इंजिनाभोवतीच्या पोकळीतून निघालेले पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येते, जाळीतून उतरताना थंड होते, खालच्या पाइपाने पंपाकडे जाते आणि पुन्हा इंजिनात शिरते. या फेऱ्यातून जे कमी झाले ते कोठे तरी गेलेच असले पाहिजे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर शिल्लक कमी भरली म्हणजे खर्चाची नोंद राहिली. ती नोंद शोधून काढावयाची, एवढेच आपले काम.

प्रथम या पाण्याचे महत्त्व थोडक्यात पाहू. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यातील मोठा भाग सायलेन्सरवाटे जातो आणि जवळजवळ तितकाच पाण्याला वाहून न्यावा लागतो. १९०१ साली मर्सिडीज मोटारीवर विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला, तो याच अडचणीवरचा उपाय होता. पुढे रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग बसवून पाणी दाबाखाली ठेवण्याची युक्ती रूढ झाली. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला, तर सुमारे दीड अंश सेल्सिअस. जुन्या मोटारींच्या झाकणावर बहुधा ७ पौंडांचा आकडा असतो. अलीकडच्या मोटारींच्या झाकणावर पुष्कळदा ०.९ असे छापलेले दिसते, ते चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम या मापात असून पौंडांत सुमारे १३ होते. म्हणजे गळतीमुळे केवळ पाणीच जाते असे नव्हे, तर दाबही जातो, आणि एरवी न उकळणारे पाणी घाटात उकळू लागते.

आता शोधाच्या क्रमाकडे वळू. पहिली पायरी म्हणजे गळती खरोखरच आहे की नाही, हे ठरविणे. ज्या जुन्या मोटारींना पाण्याची वेगळी बाटली नसते, त्यांच्या रेडिएटरमध्ये तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर जागा रिकामी राहावयास हवी. पाणी तापले की प्रसरण पावते आणि जागा नसेल, तर झाकणाजवळच्या बारीक नळीने बाहेर पडते. मालक दररोज सकाळी काठोकाठ भरतो, मोटार दररोज जादा पाणी बाहेर टाकते, आणि मालक म्हणतो, गळती आहे. अशा वेळी पाणी तोंडापासून थोडे खाली ठेवावे आणि चार दिवस त्याला हात लावू नये. तेथेच पातळी स्थिर झाली, तर प्रकरण दप्तरी दाखल करावे.

पातळी उतरतच राहिली, तर एक वही घालावी. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो दररोज सकाळी त्याच वेळी आणि त्याच सपाट जागी पातळी पाहावी. जेवढे पाणी घालावे लागले ते मापाने मोजून लिहावे. त्यासमोर आदल्या दिवशी मोटार किती किलोमीटर चालली, शहरात की महामार्गावर, हे लिहावे. हा उपद्व्याप पाहून घरची मंडळी हसतील, परंतु आठ-दहा दिवसांतच ती वही बोलू लागते. मोटार उभी असतानाही पाणी कमी होत असेल, तर गळती बाहेरची आणि साधी असण्याचा संभव अधिक: एखादी सैल क्लिप, चिरलेला होज पाइप किंवा न बसणारा तळाचा नळ. मोटार चालल्यावरच पाणी कमी होत असेल, तर दाबाखाली उघडणारी फट शोधावी, किंवा पाणी आतल्या आत जळत आहे का, ते पाहावे.

दुसरी पायरी डोळ्यांची. रात्री मोटारीखाली वर्तमानपत्राचे मोठे कागद पसरून त्यांवर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने आखाव्यात. सकाळी डाग पडला असेल, तर तो कोणत्या भागाखाली आहे, हे त्यावरून कळते. वातानुकूलन असलेल्या मोटारीखाली पडणारे स्वच्छ, रंगहीन पाणी हे हवेतील बाष्पाचे असते. त्याने घाबरून जाऊ नये. कुलंटचा थेंब रंगीत आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागतो. येथे एक गोष्ट विसरू नये. थेंब जेथे पडतो, तेथेच तो निघालेला असतो असे नाही. पाणी धातूच्या कडेकडेने वाहत जाते, चालत्या मोटारीत पंख्याचा वारा ते मागे उडवितो, आणि मग चेंबरखाली पडलेला थेंब हातभर पुढून आलेला निघतो. म्हणून विजेरी आणि लहानसा आरसा घेऊन थेंबापासून वर आणि पुढे माग काढीत जावे. पाणी सुकले, तरी मागे पांढरट, हिरवट किंवा तांबूस पापुद्रा सोडून जाते. हा पापुद्रा म्हणजे पाण्याची सही.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. होज पाइप हाताने दाबावेत. ते फुगून मऊ पडले असतील किंवा दाबताना करकरत असतील, तर बदलावेत. क्लिपांखालील भाग पाहावा, कारण पाइप बहुधा तेथेच चिरतो. वॉटर पंपाच्या दांड्याखाली कारखान्यानेच ठेवलेले एक छिद्र असते. आतले सील झिजले की तेथून पाणी ठिबकते. हे छिद्र म्हणजे सूचना देणारा पहारेकरी. ते बुजवून टाकणे हा त्यावरचा इलाज नव्हे. पंख्याचे पाते पंपाच्याच दांड्यावर असेल, तर इंजिन बंद असताना ते पुढे-मागे हलवून पाहावे. खडखडले तर पंपाची बेअरिंग गेली. हीटर असलेल्या मोटारीत पायाखालचा गालिचा चाचपावा. तो ओला असेल, आत गोडसर वास येत असेल आणि समोरच्या काचेवर चिकट धुके धरत असेल, तर गळती हीटरच्या जाळीत आहे. झाकणाचे रबरही तपासावे. मोटार थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा होत असेल, तर झाकणातील हवा आत घेणारी झडप अडकली आहे, असे समजावे.

तिसरी पायरी दाबाच्या परीक्षेची, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे सायकलच्या पंपासारखा एक हातपंप असतो. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो बसवून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरावयाचा आणि काट्याकडे पाहत बसावयाचे. थंड इंजिनावर अशासाठी की, तापलेल्या लोखंडावर आलेला थेंब क्षणात वाफ होऊन जातो आणि पुरावाच नाहीसा होतो. काटा पंधरा-वीस मिनिटे जागचा हलला नाही, तर बाहेरची वाट बहुतेक निर्दोष ठरते. काटा उतरला, तर पाणी कोठून तरी जात आहे. मग विजेरी, आरसा आणि चिकाटी.

या परीक्षेचे मोल एका उदाहरणाने सांगतो. आपल्याच मंडळाच्या एका सभासदांकडे वडिलांनी घेतलेली ॲम्बॅसडर आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या घडणीवर बेतलेली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होत राहिलेली ही मोटार आपणां सर्वांच्या ओळखीची. वडिलांचे वर्षश्राद्ध नाशिक जिल्ह्यातील मूळ गावी करावयाचे होते. मातुःश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुडघ्यांमुळे रेल्वेच्या डब्याची पायरी चढणे त्यांना अशक्य. त्यांनी मुलाला एवढेच सांगितले होते की, जायचे तर ह्यांच्याच गाडीतून. आणि मोटार तर पाणी टाकीत होती. एका गॅरेजने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने होज पाइप आणि वॉटर पंप बदलला. पाणी जातच होते. तिसऱ्याने इंजिन उघडावे लागेल असे सांगून खर्चाचा जो आकडा दिला, तो ऐकून मोटार भंगारात द्यावी, असा विचार घरात सुरू झाला. श्राद्धाला पाच आठवडे उरले होते.

ते आमच्याकडे आले ते सल्ल्यासाठी नव्हे, मन मोकळे करण्यासाठी. आम्ही त्यांना वही घालावयास सांगितली. अकरा दिवसांच्या नोंदी अशा होत्या: मोटार उभी राहिली त्या चार दिवसांत घट शून्य, शहरात फिरली त्या दिवशी पाव लिटरच्या आसपास, महामार्गावर ऐंशी किलोमीटर गेली त्या दिवशी जवळजवळ एक लिटर. खालचे कागद रोज कोरडे. झाकणाजवळच्या नळीला बांधलेली प्लॅस्टिकची बाटलीही कोरडी, म्हणजे झाकणावाटे पाणी जात नव्हते. तेलाच्या पट्टीवरचे तेल स्वच्छ होते आणि पातळी चढलेली नव्हती. झाकण काढून थंड इंजिन सुरू केले, तेव्हा रेडिएटरमध्ये बुडबुडे आले नाहीत. इंजिन उघडण्याला आधार देणारा एकही पुरावा वहीत नव्हता.

मग गावातील एका वृद्ध कारागिराने हातपंप लावला. काटा सातवर होता. दहा मिनिटांत तो पाचवर आला आणि तरीही कोठे थेंब दिसेना. मोटारीखाली पाठीवर पडून तो आरसा फिरवीत राहिला. विसाव्या मिनिटाला इंजिनाच्या मागच्या अंगास, हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात, तेलकट काजळीखाली एक तांबूस ओघळ दिसला आणि त्याच्या माथ्यावर मोहरीएवढा थेंब. ब्लॉकच्या भिंतीतील पत्र्याची टिकली गंजून तिला सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. कारागीर या टिकलीला ‘डमी’ म्हणतात. ब्लॉक ओतताना आतील पोकळीसाठी वाळूचा गाभा ठेवतात. ती वाळू काढून टाकण्यासाठी राहिलेली भोके या टिकल्यांनी बंद करतात. मोटार चालताना दाबामुळे त्या भोकातून पाणी झिरपे, तापलेल्या ब्लॉकवर त्याची वाफ होई, आणि म्हणून जमीन नेहमी कोरडी. मोटार थंड झाली की दाब संपे आणि झिरपणेही थांबे. वहीतील प्रत्येक आकड्याचा अर्थ लागला.

त्या टिकलीची किंमत घरच्या मंडळींच्या एका वेळच्या चहा-फराळाएवढीही नव्हती. एक गंजली म्हणजे तिच्या बहिणीही गंजल्या असणार, म्हणून हाताला येणाऱ्या सर्वच बदलल्या. आधी काढून टाकलेला रेडिएटर आणि पंप मात्र निर्दोष होते. त्यांच्यावरचा खर्च व्यर्थ गेला. पुढच्या आठवड्यात वहीत सलग सात शून्ये पडली. श्राद्ध मूळ गावी, ठरल्या तिथीला झाले. मातुःश्री त्याच मोटारीच्या मागच्या आसनावर बसून गेल्या आणि आल्या. दोन्ही घाटांत काटा जागचा हलला नाही.

टिकली गंजली ती आतून, याचीही नोंद घ्यावयास हवी. वर्षानुवर्षे त्या मोटारीत बोअरचे नुसते पाणी भरले जात होते. आपल्या भागातील बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि साध्या पाण्याने लोखंड गंजते. कुलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात, म्हणून गोठणारी थंडी नसली, तरी ते हवेच. तयार मिसळलेले कुलंट तसेच भरावे. दाट कुलंट असेल, तर त्यात मोटारीच्या पुस्तिकेतील प्रमाणाने ऊर्ध्वपातित पाणी घालावे. रंगावरून मात्र पारख करू नये, कारण हिरवा, तांबडा, निळा हे रंग उत्पादक आपापल्या मर्जीने देतात.

बाहेर काहीच सापडले नाही, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा लागतो. त्याच्याही खुणा आहेत. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो; तेलाच्या पट्टीवर ताकातील लोण्यासारखा फेस दिसतो; थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज पाइप दगडासारखा घट्ट होतो. हिवाळ्यात केवळ भाजी आणण्यापुरती चालणाऱ्या मोटारीच्या तेलाच्या झाकणाखालीही थोडा फेस धरतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नये. कारागिराकडे एक निळा द्रव असतो. रेडिएटरमधील हवा त्यातून ओढली असता तो पिवळा झाला, तर पेट्रोल जळल्याचा वायू पाण्यात शिरत आहे, हे सिद्ध होते. ही परीक्षा झाल्याविना हेड उघडण्यास संमती देऊ नये. उलट ती परीक्षा प्रतिकूल आली, तर एक दिवसही मोटार चालवू नये. अल्युमिनियमचे हेड असलेल्या मोटारींत अति उष्णतेने हेड वाकते, आणि पाणी तेलात मिसळले तर बेअरिंगा जातात.

काही सूचना जिवाच्या आहेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळते आणि कारंज्यासारखे तोंडावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा पाइप हाताला गार आणि मऊ लागला पाहिजे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये; ओतीव लोखंडाला तडा जातो. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू लागतो, म्हणून त्यात हात घालू नये. आणि कुलंट चवीला गोड असले, तरी विष आहे. त्यातील एथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडे निकामी होतात. काढलेले कुलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. मुले, कुत्री आणि दारातील गाई यांना त्यातला धोका कळत नाही.

महामार्गावरील ट्रकचालक रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकतात, हे आपण ऐकले असेल. ती फुगून बारीक फट बुजविते, हे खरे. रात्री, आडरानात, तेवढ्याने पुढचे गाव गाठता येते. पण ‘पी हळद आणि हो गोरी’ असे येथे होत नाही. तीच हळद रेडिएटरच्या निरोगी नळ्याही बुजविते. बाजारातील गळती थांबविणाऱ्या पुड्यांचीही हीच गत. गावी पोहोचल्यावर सारी वाट धुऊन काढून मूळ फट दुरुस्त केलीच पाहिजे. मोटार तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे, तीही अशीच. त्याने इंजिन नेहमी थंड राहून पेट्रोल जास्त जळते आणि मूळ दोष तसाच झाकून राहतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. सुटीत निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर महिनाभर आधी वही घालावी. प्रवासात पाच लिटर स्वच्छ पाणी, एक जादा वरचा होज पाइप, दोन क्लिपा, स्क्रू-ड्रायव्हर, विजेरी आणि जाड फडके सोबत असावे. काटा वर चढू लागला की मुक्काम गाठण्याच्या घाईने पुढे न रेटता तत्काळ बाजूला थांबावे. आणि कोणी सुटा भाग बदलावयास सांगितला, तर त्याला नम्रपणे एकच प्रश्न विचारावा: पाणी येथूनच जाते, हे कशावरून? पुरावा दाखविणाऱ्या कारागिराला त्याच्या मजुरीहून चार पैसे अधिक द्यावेत, कारण तो आपले हजारो रुपये वाचवीत असतो. ज्याला पुरावा दाखविता येत नाही, त्याच्या हाती मोटारीची किल्ली देऊ नये.